एम.एस्सी. फिजिक्स आणि कॅन्सरचं हॉस्पिटल

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राध्यापकी सोडून तिला ‘मेडिकल फिजिसिस्ट’ व्हायचंय. एवढं शिकून मशिनच चालवायचं का? शिवाय रोज किरणांजवळ काम. उद्या लग्न, मुलंबाळं… काळजी वाटते. – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, मशिन चालवणारे तंत्रज्ञ वेगळे. मी कॅन्सर हॉस्पिटलात फिजिसिस्ट आहे. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण किती येतात, तुम्ही पाहतच असाल. अशा गाठीला किरणांचा किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवतात, बहुधा ६६ ते ७० ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांचं माप). पण काही सेंटीमीटरवरच्या मज्जारज्जूला ४५ ग्रेच्या आसपास थांबावं लागतं. लाळग्रंथीही जमेल तेवढ्या वाचवायच्या. किरणं कुठून, किती, कोणत्या आकारात सोडायची, याचा प्लॅन आम्ही करतो. कधी एकाच रुग्णावर अख्खी दुपार जाते, आणि जावीच. पुढे त्या माणसाला कोरडी भाकरी गिळता येईल का, हे बरंचसं त्या प्लॅनवर ठरतं. रुग्णाला आमचं नावही माहीत नसतं, तरी त्याच्या डोसचा आकडा बरोबर असण्याची जबाबदारी आमची असते.

कोबाल्ट मशिनचंच बघा. त्यातल्या किरणं देणाऱ्या कोबाल्टच्या स्रोताची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का कमी. तोच डोस द्यायला वेळ वाढवत न्यावा लागतो. मुलीने वर्गात शिकलेलं सूत्र इथे रोज लागतं.

काळजीचं म्हणाल तर उपचार चालू असताना जाड काँक्रीटच्या खोलीत फक्त रुग्ण असतो. आमच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते नोंदवणारा बिल्ला, असतो आणि त्याची नियमित तपासणी होते. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (शरीरावर होणारा किरणांचा परिणाम मोजायचं हे एकक). गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या महिन्यांत बाळासाठी ती फक्त १ मिलिसिव्हर्ट. माझी दोन्ही मुलं याच नोकरीत झाली.

एम.एस्सी.नंतर मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, १९६२पासून चालू असलेला. जागा थोड्या, त्यामुळे तयारी आत्तापासून हवी. पुढे रेडिओथेरपी (किरणोपचार) विभागात वर्षभर इंटर्नशिप.

तुमच्या बार्शीतच कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथल्या फिजिसिस्टना विचारून मुलीला एखाद्या सकाळी पाठवा. पहिला रुग्ण घेण्याआधी मशिनचा डोस मोजतात, ते तिला बघू द्या. जमलं तर तुम्हीही सोबत जा.