नियमित स्पॅनिश क्रियापदं: तक्ते पाठ आहेत, पण बोलताना गाडी अडते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए२ पातळी (सुरुवातीची दुसरी) द्यायची आहे. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे, जेवणे) आणि बिबिर (राहणे, जगणे) या तिन्हींचे तक्ते तोंडपाठ आहेत. गाळलेल्या जागा बरोबर भरता येतात, पण बोलायला लागलं की भूतकाळात नेमकं कुठलं रूप घ्यायचं तिथे अडतं. काळांची यादी संपतच नाही. आणि बोसोत्रोसची ('तुम्ही सगळे'ची) रूपं शिकायची की सोडायची?

मी बरीच वर्षं मराठी मुलांना स्पॅनिश शिकवते आहे, आणि हे अडणं मला ओळखीचं आहे. तक्ता चुकलेला नसतो. तो इंग्रजी अर्थासकट पाठ केलेला असतो, तिथे घोळ होतो. नियमित क्रियापदांच्या बहुतेक काळांना मराठीत सरळ जोडीदार आहेत. ते सोडून आपण इंग्रजीच्या वळशाने जातो.

आधी लिहिण्याबद्दल. इथे मी स्पॅनिश रूपं देवनागरीत लिहिते आहे आणि क्रियापदात जिथे जोर द्यायचा त्या अक्षरापुढे ऽ लावते आहे. तुम्ही वहीत रोमनमध्येच लिहा. 'आऽब्लो' म्हणजे मी बोलते आणि 'आब्लोऽ' म्हणजे तो बोलला. जोराची खूण काढली तर देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. तसंच 'आऽब्ले' (त्याने बोलावं) आणि 'आब्लेऽ' (मी बोलले), किंवा 'आब्लाराऽ' (तो बोलेल) आणि 'आब्लाऽरा' (तो बोलला असता तर, मधलं). आपल्या कानाला जोर ऐकायची सवय नसते, कारण मराठीत जोर बदलल्याने अर्थ बदलत नाही. म्हणून तक्ता मनात नव्हे, मोठ्याने म्हणा, आणि जोराच्या अक्षरावर टेबलावर थाप मारा. शेजारचे हसतील. हसू देत.

आता काळांची यादी. व्याकरणाच्या पुस्तकात मोजलेत तर सतरा निघतात, आणि तिथेच माणसाचा धीर सुटतो. पण त्यातले आठ जोडकाळ आहेत: आबेर या सहायक क्रियापदाचं रूप आणि पुढे आब्लाऽदो, कोमीऽदो, बिबीऽदो. म्हणजे नवं पाठ करायचं फक्त आबेरचं. उरलेल्या नवांपैकी एक, सुबखुंतिबोचा (इच्छा, शंका वगैरे सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपांचा) भविष्यकाळ, आज कायद्याच्या कागदांत आणि जुन्या म्हणींत सापडतो. तो विसरा. ए२ला वर्तमान, तीन भूतकाळ, साधी आज्ञा आणि 'बोय आ' लावून केलेलं भविष्य एवढं घट्ट हवं. सुबखुंतिबोची खरी गाठ पुढच्या पातळीला, बी१ला पडते.

पुस्तकं बदललीत तर नावंही बदलतात, त्याने घाबरू नका. आंद्रेस बेल्यो या कराकासमध्ये जन्मलेल्या आणि पुढे चिलीत स्थायिक झालेल्या विद्वानाने 1847 साली अमेरिका खंडातल्या स्पॅनिशभाषकांसाठी व्याकरण लिहिलं आणि काळांना स्वतःची नावं दिली. मेक्सिकोच्या पुस्तकांत इम्पेर्फेक्तोला (अपूर्ण भूतकाळाला) 'कोप्रेतेरितो' म्हणतात ते त्यातूनच आलं. काळ तोच.

आता प्रत्यय. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर अर्धं काम झालेलं आहे. वदसि, वदामः, वदन्ति आठवा. त्यांच्या शेजारी आऽब्लास, आब्लाऽमोस, आऽब्लान ठेवा. तू म्हटलं की स, आम्ही म्हटलं की म, ते म्हटलं की न. हा योगायोग नाही, दोन्हीकडचे प्रत्यय एकाच जुन्या मुळातून आले आहेत. आपल्या 'तू करतोस' मध्येही तो स आहेच. हे तीन प्रत्यय जवळपास सगळ्या काळांत तसेच राहतात, म्हणून प्रत्येक काळाचा तक्ता सुटा पाठ करणं म्हणजे तेच तेच पुन्हा पाठ करणं. 'तू'ला अपवाद एकच मोठा, पूर्ण भूतकाळ: आब्लाऽस्ते, कोमीऽस्ते. (लोक बोलताना त्यालाही शेवटी स जोडतात. परीक्षेत जोडू नका.) आणि आज्ञा करताना स गळतो: आऽब्ला, कोऽमे.

मग काळ कशावरून ओळखायचा? मधल्या अक्षरावरून. आब्लारच्या गटात 'बा' ऐकू आलं, आब्लाऽबास, आब्लाऽबामोस, की इम्पेर्फेक्तो. कोमेर आणि बिबिर दोघांतही त्याच जागी 'ईऽआ' येतं: कोमीऽआस, बिबीऽआस. भविष्यात अख्खं क्रियापद तसंच ठेवून पुढे शेपूट लागतं: आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेऽमोस, आब्लाराऽन. ही शेपटं म्हणजे आबेरचाच वर्तमानकाळ (ए, आस, आ, एमोस, आन). मुळात ते 'बोलायचं आहे' अशा रचनेतून आलेलं रूप आहे, नंतर दोन शब्द चिकटले. त्याच जागी 'ईऽआ' लावलं की आब्लारीऽआ, म्हणजे 'बोललो असतो'. इथे तिन्ही गट एकसारखे चालतात, त्यामुळे दिसायला लांब असली तरी ही रूपं सगळ्यात सोपी.

आणि वर्तमानकाळ तुम्हाला येतोच. त्यात एकच सांगते. क्रियापदाला लिंग नाही. मी म्हणते 'बोलते', माझा भाऊ म्हणतो 'बोलतो', स्पॅनिशमध्ये दोघांचं आऽब्लो. मुली सुरुवातीला स्त्रीलिंगी रूप शोधत बसतात. नाहीये.

आता तुमचं खरं दुखणं: कोमीऽ की कोमीऽआ.

इंग्रजीत दोन्हीकडे बरेचदा एकच रूप चालतं, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'किती वेळ चाललं, कितीदा झालं' असले नियम घोकावे लागतात. तुम्हाला ते लागत नाहीत. मराठीत 'मी रोज पोहायचे' आणि 'मी पोहत होते' ही दोन्ही वाक्यं स्पॅनिशमध्ये नादाऽबा होतात. 'मी पोहले' हे नादेऽ होतं. बस्स. 'तू फोन केलास तेव्हा मी जेवत होते': कोमीऽआ क्वान्दो यामाऽस्ते. जेवत होते तिथे इम्पेर्फेक्तो, केलास तिथे पूर्ण भूतकाळ. मनात मराठी वाक्य नीट उच्चारा. त्यात 'यचे', 'त होते', किंवा जुन्या गोष्टींतला 'एक राजा राज्य करी' मधला 'ई' आला, की इम्पेर्फेक्तो. 'ले' आलं, की दुसरं.

काळ लांबला की इम्पेर्फेक्तो हा गैरसमज फार पसरलेला आहे. 'मी तीन वर्षं माद्रिदला राहिले' याला बिबीऽ त्रेस आन्योस एन मादरिद. तीन वर्षं असोत की तीस, ती मोजून बंद केलेली आहेत. 'तेव्हा मी माद्रिदला राहायचे' याला बिबीऽआ. मराठी तुम्हाला आपसूक बरोबर सांगते. कोनोसेरचंही तसंच: कोनोसीऽ म्हणजे ओळख झाली, कोनोसीऽआ म्हणजे ओळखत होते. इंग्रजीतून आलेले विद्यार्थी या जोडीवर महिनोन्महिने अडकतात.

मराठी गोत्यात आणते ती दुसऱ्याच जागी, आणि ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करते. 'मी आंबा खाल्ला, त्याने आंबा खाल्ला, आम्ही आंबा खाल्ला.' खाणारा बदलला तरी क्रियापद जागचं हललं नाही. आणि आंब्याच्या जागी पोळ्या आल्या की लगेच 'खाल्ल्या'. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात आपलं क्रियापद कर्माकडे बघतं. स्पॅनिशमध्ये ते कायम कर्त्याकडेच बघतं. मी खाल्लं कोमीऽ, त्याने खाल्लं कोम्योऽ, आम्ही खाल्लं कोमीऽमोस, त्यांनी खाल्लं कोम्येऽरोन. एक आंबा असो की दहा पोळ्या. वर्तमानात 'यो कोऽमो' बिनचूक म्हणणारी माणसं भूतकाळात 'यो कोम्योऽ' म्हणून जातात, ती माझ्या मते याच सवयीने. जोडकाळातही तेच: 'ए कोमीऽदो'. पोळ्या कितीही असल्या तरी कोमीऽदो बदलत नाही, 'खाल्ल्या आहेत' मधला बदल तिथे नको.

म्हणून सराव करताना काळ धरून खाली उतरू नका. कर्ता धरून आडवे जा: कोऽमो, कोमीऽ, कोमीऽआ, ए कोमीऽदो. मग 'तो': कोऽमे, कोम्योऽ, कोमीऽआ, आ कोमीऽदो. बोलताना कर्ता आधी ठरलेला असतो, काळ त्यानंतर निवडायचा असतो. छापील तक्ता नेमका उलटा असतो.

आणखी एक गंमत. मराठीत दारातून 'आलोच!' आणि उठता उठता 'निघालो' म्हणतात, तिथे स्पॅनिश भूतकाळ अजिबात वापरू नका. 'या बोय' म्हणा, वर्तमानातलं. पण 'उद्या बोलते त्याच्याशी' हा आपला वर्तमान तिथेही चालतो. भविष्यकाळाचं तर आणखी जमतं: 'आत्ता घरी असेल' असा अंदाज आपण भविष्यकाळात करतो, स्पॅनिशही तसाच करते, एस्ताराऽ एन कासा. उद्याच्या बेतासाठी मात्र रोजच्या बोलण्यात 'बोय आ आब्लार' जास्त ऐकू येतं, म्हणून मी तेच आधी शिकवते आणि आब्लारेऽ नंतर.

सुबखुंतिबोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बी१ला भेटेल म्हणून दोन शब्द. रूप करणं सोपं, स्वरांची अदलाबदल: आब्लारच्या गटाला 'ए' (आऽब्लेस), कोमेर-बिबिरच्या गटाला 'आ' (कोऽमास, बीऽबास). अर्थाला 'वं' वापरून बघा. 'तू जेवावंस असं मला वाटतं' म्हणजे क्येऽरो के कोऽमास. इच्छा, गरज, सल्ला यांत हे छान बसतं. शंकेत आणि पुढच्या काळात बसत नाही: 'तो बोलेल असं वाटत नाही' यात आपल्याकडे 'वं' कुठेच नाही, स्पॅनिशमध्ये मात्र 'नो क्रेऽओ के आऽब्ले'. 'तू जेवशील तेव्हा' यालाही 'क्वान्दो कोऽमास'. ही ठिकाणं वेगळी पाठ करावी लागतात, मराठी तिथे हात देत नाही.

अनियमित क्रियापदांच्या भीतीने नियमित रूपं अर्धवट सोडू नका. इम्पेर्फेक्तोत अनियमित क्रियापदं फक्त तीन, सेर, इर आणि बेर. तेनेर, आसेर, देसिर हे एरवी त्रास देणारे सगळे तिथे कोमीऽआसारखे शहाण्यासारखे चालतात. भविष्यात अनियमित असलेल्यांचंही फक्त मूळ बदलतं, शेपटं तीच. आणि बुस्कार, येगार यांच्या भूतकाळात रोमन लिपीत जी अक्षरं बदलतात त्यांना अनियमित समजू नका. बुस्केऽ, येगेऽ असं देवनागरीत लिहून बघा, उच्चार आब्लेऽइतकाच सरळ आहे. तो उच्चार टिकावा म्हणूनच तिथे स्पेलिंग बदलतं. शंका आली की स्पॅनिश अकादमीच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात क्रियापद टाका, पूर्ण तक्ता मिळतो.

राहिलं बोसोत्रोस. 'तुम्ही सगळे' असं आपुलकीने म्हणायचं हे रूप, आब्लाऽइस, कोमेऽइस, बिबीऽस, स्पेनमध्ये रोज वापरतात. लॅटिन अमेरिकेत त्या जागी उस्तेदेस आणि 'ते'ची रूपं. परीक्षेत दोन्ही धाटण्या चालतात, पण अर्धं हे अर्धं ते करू नका. स्पेनला शिकायला किंवा कामाला जाणार असाल तर शिकाच. नाहीतर ऐकून कळलं म्हणजे पुरे. एकट्या माणसाला मान देताना मात्र उस्तेद आणि एकवचनी 'तो'चं रूप, उस्तेद आऽब्ला. मराठी माणूस मान म्हटला की अनेकवचनाकडे वळतो आणि समोरच्या एकट्या बाईंना आऽब्लान म्हणून बसतो. आणि अर्जेंटिनाचे लोक भेटले तर 'तू'च्या जागी 'बोस' ऐकू येईल: आब्लाऽस, कोमेऽस, बिबीऽस. जोर शेवटी सरकतो आणि बिबिरच्या गटात 'ए'चा 'ई' होतो, एवढाच फरक वर्तमानात. भूतकाळाची रूपं तुम्हाला येतात तीच आहेत.