'जॅग' मालिकेतल्यासारखे लष्करी वकील खरंच धोकादायक मोहिमांवर जातात का?

कोर्टाचा भाग बराचसा खरा आहे, मोहिमांचा बहुतेक काल्पनिक.

'जॅग' (१९९५ ते २००५) अमेरिकी नौदलाच्या जज ॲडव्होकेट जनरल विभागावर, म्हणजे नौदलाच्या कायदा विभागावर आहे. तिथले वकील स्वतः गणवेशातले अधिकारी असतात. त्यांच्यापैकीच एक जण सरकारी बाजू मांडतो आणि दुसरा आरोपी सैनिकाचा बचाव करतो. मालिकेतले मुख्य वकील हार्म आणि मॅक कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि तरी सहकारी असतात, ते म्हणूनच पटतं. मला तर मालिकेची खरी ताकद या खटल्यांतच दिसते: वरून आलेला हुकूम बेकायदेशीर असेल तर सैनिकाने काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही हवाई लढाईपेक्षा जास्त श्वास रोखायला लावतो.

हार्म आधी एफ-१४ या लढाऊ विमानाचा वैमानिक होता, रातांधळेपणामुळे वकिलीकडे वळला. म्हणून लेखक त्याला पुन्हा पुन्हा कॉकपिटमध्ये बसवतात. प्रत्यक्षात असं होत नाही. नौदलातल्या गंभीर गुन्ह्यांचा तपासही वकील नव्हे, एनसीआयएस ही संस्था करते. (तिच्यावरची मालिका २००३ मध्ये 'जॅग'मधूनच निघाली.)

धोका मात्र अगदीच खोटा नाही. हे वकील विमानवाहू नौकांवर आणि युद्धक्षेत्रातही असतात. अमुक लक्ष्यावर हल्ला कायद्यात बसतो का, हे ते कमांडरला सांगतात. अफगाणिस्तानात सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावणारा मालिकेतला वकील बड रॉबर्ट्स म्हणूनच मला हार्मच्या सगळ्या उड्डाणांपेक्षा खरा वाटतो.