पटावरचं मूल आणि कोपीतलं मूल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

देश बालहक्क किती पाळतो हे ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांवरून तपासायचं तू ठरवलंस, याचा फार आनंद झाला. आता राज्याची सरासरी बाजूला ठेव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21), 20 ते 24 वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के आहे आणि एकट्या परभणीत 48. आपल्या ऊसतोडीच्या मुली त्या पहिल्या आकड्यात दिसतच नाहीत.

भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारला. त्याचं कलम 2 देशाच्या अखत्यारीतल्या प्रत्येक मुलाला लागू आहे. त्यामुळे लेकरू बीडमधल्या आपल्या वडवणीला असो की सांगलीच्या उसाच्या फडात, जबाबदारी सरकारचीच. मुलांच्या वतीने थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार नेण्याची वाट देणारा पूरक करार मात्र भारताने स्वीकारलेला नाही. म्हणून दाद इथेच मागावी लागते, आणि त्यासाठी शिक्षण हक्क कायदा 2009 तुला तोंडपाठ हवा.

सगळ्यात मोठी गफलत तारखेची आहे. शाळांच्या पटाची आकडेवारी वर्षानुवर्षं 30 सप्टेंबर या दिवसावर धरली गेली. टोळ्या हलतात दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि परततात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे मोजणी होते तेव्हा पोरं वर्गात बसलेली असतात. कागद खोटा नसतो, पण नोव्हेंबरनंतरचं काहीच त्यावर उमटत नाही. म्हणून एकाच गावात दोनदा जा: एकदा उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटली जाते तेव्हा आणि एकदा जानेवारीत. पहिल्या फेरीत घरोघरी विचारून कोण जाणार याची यादी कर. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, यादी मागू नकोस, त्याने आईबाप अडचणीत येतात. मग त्या यादीशेजारी शाळेचा हजेरीपट, अंगणवाडीची नोंद आणि हंगामी वसतिगृहाची (आईबाप तोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांची सोय) यादी ठेव. प्रत्येक मुलाला एक ओळ. जानेवारीत त्या ओळीत एवढंच लिही: राहिलं की गेलं, राहिलं तर कोणाजवळ, गेलं तर कोणत्या कारखान्याला. चारही कागदांत एकच मूल वेगवेगळ्या ठिकाणी हजर असेल, तर तुझा खरा अभ्यास त्या ओळीपासून सुरू होतो.

वसतिगृह दुपारी पाहू नकोस, तेव्हा शाळेतली सगळीच मुलं तिथे असतात. संध्याकाळच्या जेवणाला जा आणि ताटं मोज. बऱ्याच ठिकाणी मुलं जेवायला शाळेत येतात आणि झोपायला आजी-आजोबांकडे जातात. तसं असेल तर मुली रात्री कोणाच्या भरवशावर आहेत हे नक्की विचार. आईबाप नसताना मुलीची काळजी कोणी घ्यायची, या धास्तीनेच कितीतरी घरांत हंगामाआधी लग्न उरकलं जातं. वसतिगृह धड नसेल तर त्याची किंमत मुलगी मोजते. बालविवाह ठरल्याचं कळलं तर गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच प्रतिबंधक अधिकारी असतो; त्याला लेखी कळव आणि 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावरही सांग.

आता फडावरचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार मूल कोणत्याही कारणाने हललं तरी दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाला नव्या शाळेत दाखवायचं कार्ड, गाव सोडण्याआधी हातात पडायला हवं. प्रत्यक्षात ते उशिरा मिळतं, नाहीतर पत्र्याच्या पेटीच्या तळाशी पडून राहतं, कारण ते कुठे दाखवायचं हे आईला कोणी सांगितलेलंच नसतं. बेळगाव-बागलकोटकडे गेलेल्या मुलापुढे वर कन्नडचा प्रश्न उभा राहतो. म्हणून ‘प्रवेश दिला’ या शब्दावर थांबू नकोस. शाळा कोपीपासून, म्हणजे मजुरांच्या फडाजवळच्या झोपडीपासून, किती लांब, रस्ता कोणता, धाकट्याला कोण सांभाळतं, मूल मागच्या आठवड्यात किती दिवस शाळेत गेलं, हे सगळं लिही.

कामाबद्दल विचारताना ‘तू काम करतोस का?’ असं विचारलंस तर उत्तर ‘नाही’ येणार. ‘काल उठल्यापासून काय काय केलंस?’ असं विचार. पाणी आणणं, भाकरी, धाकटं सांभाळणं, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधणं आपोआप बाहेर येतं. मजुरी टनावर आणि कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर ठरते. लेकराचे हात त्याच टनात मोजले जातात, कोणत्याही हजेरीत येत नाहीत. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीने शाळेनंतर घरच्यांना मदत करायला मुभा ठेवली. पण ज्याला शाळाच नाही, त्याची ‘शाळेनंतरची’ वेळ कोणती? ही पळवाट आहे, आणि तुझ्या अहवालात तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे.

मुलांशी मुकादमासमोर बोलू नकोस. मुलाचा फोटो घेऊ नकोस, अहवालात नाव लिहू नकोस, नुसता क्रमांक दे.

प्रवेश नाकारला असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली तिथल्याच स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार कर. निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. पुढचं अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. हंगाम सहा महिन्यांचा, त्यामुळे जानेवारीत दिलेला अर्ज गाड्या परतेपर्यंत लोंबकळतो. अर्ज पहिल्याच आठवड्यात दे, पोच घे आणि तिची एक प्रत गावच्या मुख्याध्यापकांकडे ठेव. पहिला तक्ता भरला की पाठव, आम्ही ओळ न् ओळ वाचू.

तुझे हितचिंतक