रिपोर्टात ‘जनुक गायब’ आलं, आता?

वडील एएमएलने (झपाट्याने वाढणाऱ्या एका ब्लड कॅन्सरने) गेले. हौसेने लाळेची जनुकचाचणी केली तर ‘जीएसटीएम१ नल’ आलं. मलाही ब्लड कॅन्सर होणार का?

‘नल’ म्हणजे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती तुमच्यात नाहीत. युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत त्या नसतात आणि ती मंडळी धडधाकट जगतात. विषारी रेणूंना ग्लुटाथायोन (पेशींतलाच एक संरक्षक रेणू) जोडून ते शरीराबाहेर काढण्याजोगे करणारं एन्झाइम या जनुकापासून बनतं. ते नसलं तर त्याची भावंडं बरंचसं काम सांभाळून घेतात. अनेक अभ्यास एकत्र केले तर धोका किंचितच वाढलेला दिसतो. अमेरिकेत एएमएल दरवर्षी लाखात साधारण ४ जणांना होतो. त्या ४ चे फार तर ५ धरा. रिपोर्टात तो शब्द लाल शाईत छापला असेल, पण लाल शाई महाग नसते!

घरात आणखी कुणाला रक्ताचा आजार असेल तर मात्र रक्तविकारतज्ज्ञांना सांगा. डीडीएक्स४१, आरयूएनएक्स१ यांसारखी घराण्यात उतरणारी, खरोखर धोक्याची जनुकं वेगळी असतात.

वीस वर्षं पेट्रोलपंपावर आहे. पेट्रोलमधलं बेन्झिन सगळ्यांच्याच नाकात जातं, मग बाधतं ठरावीक लोकांनाच, असं का?

बेन्झिनला विषारी रूप देतं ते आपलंच यकृत. तिथलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं रूपांतर सुरू करतं. पुढे अस्थिमज्जेत त्यापासून क्विनोन नावाचे घातक रेणू तयार होतात आणि ते पेशींचा डीएनए बिघडवतात. एनक्यूओ१ हे एन्झाइम त्या क्विनोनना आवरतं. शांघायच्या कामगारांवरचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं पहिलं एन्झाइम वेगवान आणि दुसरं निकामी, त्यांना बेन्झिनची विषबाधा होण्याचा धोका उलट जोडी असलेल्यांच्या सातपटीहून जास्त निघाला. लक्षात घ्या, ही विषबाधा म्हणजे रक्तपेशी घटणं, ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर) नव्हे.

पण जनुकं कशीही असोत, बेन्झिन अंगात गेल्याशिवाय यातलं काहीच घडत नाही. तुर्की रक्तविकारतज्ज्ञ मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये इस्तंबूलच्या चपला-बूट बनवणाऱ्या कारागिरांतला ल्युकेमिया नोंदवला, तेव्हा दोष सापडला चिकटवण्याच्या गोंदातल्या बेन्झिनमध्ये. आपल्याकडे पेट्रोलमध्ये बेन्झिन १ टक्क्याच्या आत ठेवायचं बंधन आहे. तरी नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका, त्याने हात धुऊ नका, भरताना वारा पाठीवर घ्या आणि वर्षातून एकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. जनुकचाचणीचे पैसे वाचवा.

‘डिटॉक्स’ काढ्याने कमतरता भरून निघेल?

नाही. मुळात नसलेलं जनुक काढ्याने उगवत नाही.

बहिणीला एएलएल (ब्लड कॅन्सरचाच आणखी एक प्रकार) आहे. ६-मर्कॅप्टोप्युरिन हे त्यावरचं औषध सुरू करण्याआधी डॉक्टर एनयूडीटी१५ हे जनुक तपासायला सांगतात. हाही तसलाच खर्च का?

हा खर्च जरूर करा. हे औषध शरीरात निष्प्रभ करण्यात टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांचा हात असतो. एनयूडीटी१५ मधला दोष आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीच्या डोसानेच पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात, म्हणून सुरुवातच अगदी थोड्या मात्रेने करतात. रिपोर्ट पहिल्या गोळीच्या आधी हातात आला तर उत्तम.