टाकी नंतर, आधी झाकण बघा: हॉट रॉडच्या घरगुती ओव्हरफ्लो टाक्या, तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात फ्लॅटहेड इंजिनाच्या (जुन्या फोर्डमधल्या) तापण्याबद्दल लिहिताना सहज म्हणून गेलो की माझ्या गाडीची ओव्हरफ्लो टाकी, म्हणजे रेडिएटरमधून बाहेर येणारं जास्तीचं पाणी धरणारी टाकी, मी घरीच केलीये, तर त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. बरं वाटलं, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. नवीन वाचकांसाठी दोन ओळी: हॉट रॉड म्हणजे जुनी अमेरिकन गाडी, बहुतेक १९४८च्या आधीची, फालतू वजन काढून टाकलेली आणि इंजिनावर काम केलेली, हा नाद इथे दक्षिण कॅलिफोर्नियात एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर पोरं गाड्या पळवायची तिथून वाढला. त्या काळच्या गाड्यांना कंपनीकडून ओव्हरफ्लो टाकी यायचीच नाही, रेडिएटरच्या गळ्यापासून एक बारीक नळी खाली सोडलेली आणि जास्तीचं पाणी सरळ रस्त्यावर. प्लास्टिकची बाटली सर्रास दिसायला लागली ती ७०च्या दशकात. आता ती पांढरी बाटली १९३२च्या फोर्डमध्ये डोळ्यात खुपते, म्हणून लोक स्वतः करतात.

काका, माझ्याकडे ३२च्या फोर्डची फायबरग्लासची रेप्लिका आहे, आत शेवी ३५० इंजिन. प्रत्येक फेरीनंतर ड्राइव्हवेवर हिरवं तळं साचतं, मी परत काठोकाठ भरतो, परत तेच. रेडिएटर गळतोय का? टाकी लावायची तर केवढी? (फ्रेमाँट, कॅलिफोर्निया)

बहुतेक गळत नाहीये. कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं पाणी, २० डिग्रीवरून ९५ डिग्रीला गेलं की साधारण चार ते पाच टक्के फुगतं, तुमच्या गाडीत पंधरा लिटर धरा, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास कूलंटला जागा हवी असते, ती आत नाही म्हणून झाकणाची स्प्रिंग उचलून ते बाहेर येतं. गार झाल्यावर आत व्हॅक्यूम होतो आणि त्याच नळीतून हवा आत येते. तुम्ही ती जागा परत काठोकाठ भरून टाकता, की पुढच्या फेरीला पुन्हा पाऊण लिटर बाहेर. टाकी लावेपर्यंत गळ्याखाली दीड-दोन इंच रिकामं ठेवून बघा, तळं थांबेल.

आता टाकी. दोन प्रकार आहेत आणि लोक सगळा घोळ इथेच करतात. एक नुसती सांडलेलं धरणारी, दुसरी धरून परत देणारी म्हणजे रिकव्हरी. तुम्हाला दुसरी हवी, आणि ती रिकव्हरी आहे का नाही हे टाकीवरून ठरत नाही, रेडिएटरच्या झाकणावरून ठरतं. झाकण उलटं करून बघा (इंजिन पूर्ण गार असताना, हे मी दरवेळी सांगणार). खालच्या प्रेशर सीलशिवाय अगदी वर, झाकणाच्या पत्र्याला आतून चिकटलेला अजून एक रबरी वायसर दिसला पाहिजे. तो नसेल तर गार होताना वरूनच हवा आत शिरते, टाकीतलं कूलंट टाकीतच राहतं, मग तुम्ही ती सोन्याची का करेनात. आणि झाकण किती पौंड प्रेशरचं हे तुमच्या रेडिएटरला विचारून घ्या, एक पौंडाने उकळबिंदू साधारण दीड डिग्री सेल्सिअसने वर जातो हे खरं, पण जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला १५ पौंड लावले तर सांधे उघडतात, तिथे सात पौंडच बरे.

मापाचं म्हणाल तर फुगवट्याच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटर, आणि गार असताना एक तृतीयांश भरलेली. नळी टाकीच्या तळापर्यंत गेली पाहिजे, तळापासून सेंटीमीटरभर वर, टोक तिरकं कापलेलं म्हणजे तळाला चिकटून बसणार नाही. नळीचं तोंड कायम कूलंटमध्ये बुडालेलं असलं तरच परत ओढताना हवा येत नाही. आणि वर हवेसाठी तीन मिलिमीटरचं भोक. हे भोक विसरू नका. माझी पहिली टाकी ऑलिव्ह ऑइलच्या चौकोनी डब्याची होती, फार सुंदर डबा, मी झाकण चांगलं घट्ट सोल्डर करून टाकलं आणि भोक पाडलंच नाही. ग्रेपव्हाइनचा चढ चढून वर थांबलो तेव्हा डब्याची खालची शिवण उसवली होती आणि कूलंट हेडरवर (एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांवर) पडून धूर निघत होता. शेजारी मुलगा बसला होता. तेव्हापासून कुठल्याही टाकीला मी आधी भोक पाडतो, मग बाकीचं.

आईने पुण्याहून येताना तांबट आळीतला मठारकाम केलेला तांब्याचा जग आणला, झाकणासकट, दीड-दोन लिटरचा असेल. आम्ही त्यातून पाणी पीत नाही, नुसता शोकेसमध्ये आहे. माझ्या नवऱ्याच्या ४० फोर्डला टाकी म्हणून चालेल का? तो म्हणतो वेल्डरकडे देतो. (एडिसन, न्यू जर्सी)

ताई, चालेल काय, धावेल. पण आधी आईंना विचारा, आणि वेल्डरकडे देऊ नका, मी सांगतो का.

ते मठारकाम म्हणजे हातोडीचे एकमेकांना लागून ठोके असतात ना, ते नुसत्या शोभेसाठी नसतं. तांबं ठोकलं की कडक होतं. भांड्याचा पत्रा पातळ असूनही ते दबत नाही याचं कारण ते ठोके. आता वेल्डरने टॉर्च घेऊन चांदीचं ब्रेझिंग केलं तर तांबं सहाशे डिग्रीच्या वर जाणार, लालसर होणार, आणि तांबं एकदा लाल झालं की सगळा कडकपणा जातो, अंगठ्याने दाबलं तरी पोचा पडतो, म्हणजे कारागिराने दिवसभर ठोकून जे कमावलं ते दोन मिनिटांत गेलं. शिवाय ठोक्यांची चमकही काळी पडते. म्हणून इथे साधं कथलाचं सोल्डर, आपल्याकडे भांड्याला डाग देतात तसलंच काम. शुद्ध कथील २३२ डिग्रीला वितळतं, एवढ्या थोड्या वेळाच्या उष्णतेने तांब्याला काही होत नाही, आणि टाकीत कूलंट फार तर शंभरच्या आसपास, प्रेशर नाही, त्यामुळे सांधा आरामात टिकतो.

कसं करायचं: जगाच्या अंगाला हात लावूच नका, सगळं काम झाकणावर करा. झाकणात दोन भोकं, एकात पितळी बार्ब (होज चढवायची तोटी) आणि त्याला आतून तांब्याची नळी तळापर्यंत, दुसऱ्यात हवेची छोटी नळी जी बाहेर वळवून खाली सोडायची. झाकणाला कॉर्कचं किंवा रबराचं गॅस्केट. उद्या गाडी विकली तर दुसरं झाकण करून जग परत शोकेसमध्ये ठेवता येईल (फक्त पिण्यासाठी पुन्हा कधीच नाही). फ्लक्स अॅसिडवाला वापरला तर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने आतून बाहेरून धुवा, नाहीतर महिन्याभरात सांध्याभोवती हिरवं येईल. बसवताना फायरवॉलला (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याला) पत्र्याचा पट्टा, पट्ट्याखाली चामडं किंवा रबर, तांबं लोखंडाला थेट घासू देऊ नका. आणि ४० फोर्डमध्ये अजून फ्लॅटहेड असेल तर त्यात वीसेक लिटर पाणी असतं, म्हणजे लिटरभर फुगवटा, तेव्हा जग खरंच दोन लिटरचा आहे का ते आधी मोजून घ्या.

झाला की फोटो पाठवा, खरंच. तांबट आळीची टाकी फोर्डवर बघायला मला फार आवडेल.

दादा, इथल्या एका शोमध्ये व्हिस्कीच्या बाटलीची टाकी बघितली, आत हिरवं कूलंट, दिसायला कडक. मला पण करायचीये. काच टिकते का? (ऑस्टिन, टेक्सस)

दिसते छान, मान्य. शोला ट्रेलरवरून जाणाऱ्या गाडीत ठेव. रस्त्यावरच्या गाडीत नको. जाड तळाच्या बाटलीत नव्वद डिग्रीचं कूलंट आलं की आतला थर आधी फुगतो, बाहेरचा गारच असतो, तडा तिथे जातो, त्यात हॉट रॉडचं सस्पेन्शन आणि इंजिनाची थरथर. फुटली तर पंख्यात काचा.

दुसरी भीती मला जास्त वाटते. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं, थोड्याशा प्रमाणातही किडनी निकामी करतं, कुत्री तर चाटून चाटून मरतात. ते दारूच्या बाटलीत, लेबलासकट, आणि शोमध्ये लहान मुलं हात लावत फिरतात. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं कूलंट मिळतं, ते कमी घातक आहे, ते वापर, आणि कुठलीही टाकी असो, त्यावर ठळक कूलंट लिही. बाटलीचाच आकार हवा असेल तर स्टीलचा एकेरी भिंतीचा कॉकटेल शेकर घे. माझ्या पाहण्यात तरी त्यापेक्षा सोपी आणि देखणी टाकी नाही, झाकण आयतं, गंज नाही, आणि जाळीचं तोंड काढलं की बार्ब बसवायला सपाट जागा मिळते. लेव्हल दिसायला हवी तर बाजूला पारदर्शक होजचा तुकडा उभा लाव, खाली एक बार्ब वर एक.

स्वॅप मीटमध्ये जुनं पितळी फायर एक्स्टिंग्विशर घेतलं, हातपंपाचं, पायरीन लिहिलंय. हलवल्यावर आत काहीतरी डुचमळतं. कापून टाकी करणार आहे, कुठून कापू? (फिनिक्स, अॅरिझोना)

थांबा. कापू नका, पंप ओढून बघू नका, गरम तर अजिबात करू नका.

त्या हातपंपाच्या पितळी नळकांड्यांमध्ये कार्बन टेट्राक्लोराइड भरलेलं असायचं. एकेकाळी इथे मोटारी, बस, लष्करी गाड्या सगळीकडे ही असायची. ते द्रव लिव्हर आणि किडनी खातं, वाफ नाकातून जाते, कातडीतूनही जातं, आणि तापलेल्या धातूवर पडलं की त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला तोच. तुम्ही बंद गॅरेजमध्ये टॉर्च लावली असती तर काय झालं असतं याचा विचार करून मला पत्र वाचतानाच घाम फुटला. ते उभं, प्लास्टिकच्या बादलीत, बाहेर सावलीत ठेवा आणि तुमच्या शहराच्या घरगुती घातक कचऱ्याच्या केंद्राला फोन करून काय आहे ते स्पष्ट सांगून द्या. पितळ परत मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर जाऊ द्या.

ज्यांच्याकडे तेच नळकांडं पूर्ण रिकामं आणि कोरडं आहे, त्यांनीही उघड्यावर, हातमोजे घालून पंपाची यंत्रणा काढायची, बरेच दिवस उन्हावाऱ्यात ठेवायचं, आणि तरीही ज्योत लावायची नाही, फिटिंग रबरी वायसरची बल्कहेड पद्धतीने, म्हणजे भोकातून घालून नटने, कसायची. साधारण लिटरचं माप असतं, त्यामुळे शेवी ३५० ला कसंबसं पुरतं. मोठी तांब्याची रिव्हेटवाली सोडा-अॅसिडची एक्स्टिंग्विशर येतात ती अडीच गॅलनची असतात, ती हूडखाली मावणारच नाहीत.

माझी १९३० मॉडेल ए आहे, प्रेशर कॅप नाही. मी नवीन प्रेशरचं झाकण लावून टाकी जोडू का? (सॅन होजे)

प्रेशर नको, तो रेडिएटर त्यासाठी केलेलाच नाही. पण बिनप्रेशरची रिकव्हरी होते. झाकणाखाली हवाबंद गॅस्केट लावा, आणि रेडिएटरच्या आतून खाली येणारी जी ओव्हरफ्लो नळी आहे तिच्या टोकाला होज लावून टाकीच्या तळात सोडा. टाकी फार खाली लावली तर पाणी तेवढं वर ओढावं लागतं, म्हणून जमेल तितकी वर. गॅस्केट बसत नसेल तर टाकीचा नाद सोडा आणि रेडिएटर थोडा कमी भरा, ती गाडी जादाचं पाणी टाकून आपली पातळी आपणच धरते.

ड्रॅग स्ट्रिपवर जायचंय, माझी बियरच्या कॅनची टाकी चालेल का? (लास व्हेगास)

एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमात कूलंटसाठी कॅच कॅन, म्हणजे सांडलेलं धरणारा डबा, लागतो, कमीत कमी एक पाइंट म्हणजे १६ औंस. बियरचा कॅन १२ औंसाचा असतो आणि त्याचा पत्रा कागदासारखा, तेव्हा नाही. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागच्याचं चाक घसरतं म्हणून बरेच ट्रॅक ते चालवून घेत नाहीत, जाण्याआधी विचारा, साधं पाणी आणि गंजरोधक घालून जा.

सगळं तुम्ही सांगता तसं केलं, दोन सीलचं झाकण, तळापर्यंत नळी, वर भोक. कूलंट टाकीत जातं पण परत येत नाही. टाकी मी गॅल्वनाइज्ड पाइपची केलीये, दोन्हीकडे टोप्या. (पोर्टलंड, ओरेगन)

आधी होज बघा. गार होताना आत ओढ असते आणि मऊ होज आतल्या आत चपटी होते, बाहेरून कळत नाही, म्हणून इंधनाची जाड होज वापरा. मग क्लॅम्प, कारण ज्या सांध्यातून बाहेर येताना थेंबही गळत नाही तिथूनसुद्धा आत हवा शिरते. मग रेडिएटरच्या गळ्याची वरची कड, तिथे जुना पोचा असला की वरचं सील बसत नाही, झाकण कितीही नवीन असो. बोटाने चाचपून बघा, डोळ्याला दिसत नाही.

आणि एवढं सगळं ठीक निघालं तर तुमचा पाइपच कारण असेल. गॅल्वनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर, ग्लायकॉलच्या कूलंटमधली रसायनं जस्ताशी भांडतात आणि पांढरट चिखल तयार होतो, तो आधी तळाशी, म्हणजे बरोबर तुमच्या नळीच्या तोंडाशी बसतो. टाकी उघडून बोट फिरवा. चिखल असला तर ती टाकी काढा, रेडिएटरही फ्लश करा, आणि तेच डिझाइन तांब्याच्या तीन इंची प्लंबिंगच्या पाइपात करा, टोप्या त्याच दुकानात मिळतात, पाइप फूट-दीड फूट लांब लागेल. जुना गॅल्वनाइज्ड तुकडा दुसऱ्या कशासाठी टॉर्चने जोडायला जाऊ नका, जस्ताच्या धुराने रात्रभर थंडी-ताप भरतो. चिखल निघाला का नाही ते कळवा, म्हणजे नसेल तर झाकणाच्या मधल्या छोट्या व्हॉल्व्हकडे वळू, तो अडकलेला असू शकतो.