रिकाम्या खुर्चीसमोर बसण्यापूर्वी

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात गेस्टाल्ट उपचारपद्धतीचा उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे वय ५३. मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली. शेवटचे चार महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण वाटणीचे होते. ते गेले तेव्हा मी सौद्यात उभा होतो. आता समुपदेशक म्हणतात की समोर रिकामी खुर्ची ठेवा, अण्णा तिथे बसले आहेत असे समजा आणि बोला. मला हे नाटक वाटते आणि, खरे सांगायचे तर, भीतीही वाटते. यामागे काही शास्त्र आहे का?

उत्तर : तुमचा नाटकाचा संशय अगदीच अनाठायी नाही. याकोब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णांना आपल्या आयुष्यातील प्रसंग प्रत्यक्ष उभे करायला लावणारी 'सायकोड्रामा' ही पद्धत रूढ केली आणि रिकाम्या खुर्चीची युक्ती तिथूनच गेस्टाल्ट उपचारपद्धतीचे एक प्रवर्तक फ्रिट्झ पर्ल्स यांनी उचलली. मात्र खुर्ची म्हणजे गेस्टाल्ट नव्हे. ती दिसायला लक्षवेधक असल्यामुळे तिचा बोलबाला झाला, एवढेच.

'गेस्टाल्ट' या जर्मन शब्दाला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द नाही. सुटे भाग एकत्र येऊन उभा राहणारा सबंध आकार, असा त्याचा आशय आहे. गेस्टाल्ट मानसशास्त्राचे एक प्रवर्तक माक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की स्थिर आकृत्या ठरावीक वेगाने एकामागून एक दाखवल्या तर पाहणाऱ्याला त्यांत नसलेली हालचाल दिसते. चित्रपट घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. आपले मन सुटे तुकडे मोजत बसत नाही, ते आकार घडवते. आणि आकार घडवताना एक गोष्ट पुढे आणते, बाकीच्या मागे सारते. सौद्याच्या वेळी तुमची नजर गुळाच्या रव्याच्या रंगावर आणि कणीवर जाते, तर त्याच जागी उपाशीपोटी आलेल्या हमालाला कोपऱ्यावरची मिसळीची गाडी आधी दिसते. जागा एकच असते, परंतु ज्याची त्याची गरज आपापली आकृती पुढे आणते आणि उरलेले सारे पार्श्वभूमीत जाते. मिसळ खाऊन झाली की ती गाडी पुन्हा पार्श्वभूमीत विरघळते आणि हमालाला पुढची खेप दिसू लागते.

१८९३ साली बर्लिनमध्ये जन्मलेले पर्ल्स मूळचे फ्रॉइडच्या परंपरेतील मनोविश्लेषक होते. हिटलर सत्तेवर येताच, १९३३ मध्ये, ते आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांनी जर्मनी सोडली. हॉलंड आणि दक्षिण आफ्रिका असा प्रवास करून पर्ल्स १९४६ मध्ये न्यू यॉर्कला पोहोचले आणि राल्फ हेफरलाइन व पॉल गुडमन यांच्यासह लिहिलेल्या १९५१ च्या ग्रंथातून ही उपचारपद्धती नावारूपाला आली. आकृती आणि पार्श्वभूमी यांचा विचार त्यांनी डोळ्यांनी दिसणाऱ्या जगावरून उचलून भावनांना लावला. मूळ गेस्टाल्ट मानसशास्त्राच्या काही अभ्यासकांना हे नाते मान्य नव्हते, आणि माझ्या मते त्यांचा आक्षेप काही अंशी रास्त आहे. तरीही तुमच्यासारख्या अनुभवाला या विचाराचा जेवढा उपयोग होतो, तेवढा मी दुसऱ्या कोणत्याही चौकटीचा होताना पाहिलेला नाही.

कारण तुमच्या बाबतीत आकृती पूर्णच झालेली नाही. अण्णांशी जे बोलायचे होते ते बोलले गेले नाही, म्हणून ते धड पुढेही येत नाही आणि धड मागेही जात नाही. पर्ल्स याला अपुरे राहिलेले काम म्हणत. या संदर्भात मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांच्या १९२७ च्या प्रयोगांचा दाखला नेहमी दिला जातो. मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असे त्यांना आढळले होते. पुढील सर्वच प्रयोगांत तो निष्कर्ष तसाच मिळाला नाही, त्यामुळे केवळ त्यावर मी भिस्त ठेवणार नाही. खुर्चीच्या संवादाचा मात्र स्वतंत्र अभ्यास झाला आहे. कॅनडातील लेस्ली ग्रीनबर्ग यांनी या संवादांतील टप्पे वर्षानुवर्षे तपासले, आणि १९९५ मध्ये त्यांनी सँड्रा पायव्हिओ यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जवळच्या व्यक्तीविषयी मनात काही अडकून राहिलेल्या लोकांना केवळ माहिती देणाऱ्या गटापेक्षा या संवादाचा अधिक लाभ झाल्याचे दिसले.

प्रत्यक्षात घडते ते असे. तुम्ही सुरुवातीला 'अण्णा फार हट्टी होते' असे सांगाल. समुपदेशक म्हणतील, हेच त्यांना सांगा. 'अण्णा, तुम्ही फार हट्टी होता' हे वाक्य उच्चारताना आवाज बदलतो. कधी घसा दाटतो, कधी हाताची मूठ वळते. कोणाविषयी बोलणे आणि कोणाशी बोलणे यांतील हे अंतर म्हणजेच या पद्धतीचा गाभा आहे, कारण गेलेला काळ आपण बदलू शकत नसलो तरी त्या काळाचे जे ओझे आज या क्षणी अंगावर आहे ते आजच हाती लागते. 'येथे आणि आत्ता' या गेस्टाल्ट पद्धतीच्या घोषवाक्याचा अर्थ भूतकाळ विसरा असा मुळीच नाही. नंतर तुम्हाला खुर्ची बदलून अण्णांच्या जागी बसायला सांगितले जाईल आणि त्यांच्या तोंडून उत्तर द्यावे लागेल. तेथे काय निघेल हे कोणीच आधी सांगू शकत नाही. पुष्कळदा दुःखाच्या आधी राग येतो आणि मुलाला त्याचीच लाज वाटते. क्षमा मागणे किंवा क्षमा करणे हे या संवादाचे ठरलेले उद्दिष्ट नसते. कोणी तुम्हाला तिकडे ढकलत असेल तर थांबा.

आता भीतीविषयी. या घडीला तुमच्यापुढे उभी असलेली आकृती अण्णांची नसून भीतीची आहे, तेव्हा कामाला तिथूनच सुरुवात व्हायला हवी. 'मला भीती वाटते, आज खुर्ची नको' असे समुपदेशकांना स्पष्ट सांगा. या पद्धतीत असे काम प्रयोग म्हणून सुचवले जाते. ते नाकारण्याचा तुमचा हक्क अबाधित असतो आणि नाकारताना मनात काय चालले आहे हाही चर्चेचा विषय होतो. मोबाइलवरील चित्रफीत पाहून घरी एकट्याने हे करू नये. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात किंवा वास्तवाचे भान सुटते, त्यांच्यावरील उपचारांची सुरुवात मनोविकारतज्ज्ञांकडेच झाली पाहिजे.

प्रश्न : मी शाहूपुरीत राहते, खासगी शाळेत शिकवते. झोपेत दात खाते म्हणून दंतवैद्यांनी रात्री लावायला साचा दिला आणि ताण कमी करा असे सांगितले. समुपदेशक माझ्या लहानपणाविषयी फारसे विचारतच नाहीत. 'आत्ता जबड्यात काय होत आहे?', 'हात काय करत आहे?' एवढेच विचारतात. मी पैसे वाया घालवत आहे का?

उत्तर : नाही, असे मला वाटते. दंतवैद्यांकडे आधी गेलात हे चांगले केले. तो साचा चालू ठेवा.

गेस्टाल्ट पद्धतीत 'का' या प्रश्नापेक्षा 'काय' आणि 'कसे' हे प्रश्न अधिक मोलाचे मानले जातात. 'का' विचारले की आपण शहाणपणाची कारणे देऊ लागतो. सासरचे असे आहेत, मुख्याध्यापिका तशा आहेत. ती कारणे खरीही असतात, पण जबडा आवळलेलाच राहतो. 'जबड्यात काय होत आहे' या प्रश्नाला कारण चालत नाही, तेथे लक्षच द्यावे लागते. स्वतःच्या शरीराकडे, श्वासाकडे, आवाजाकडे आणि समोरच्या माणसाकडे असे लक्ष असणे म्हणजे जाणीव, आणि पर्ल्स यांचा या जाणिवेवर एवढा विश्वास होता की निव्वळ तिनेही माणूस बरा होऊ शकतो असे ते म्हणत. मी एवढ्या टोकाला जाणार नाही.

तुमच्या त्रासाला या पद्धतीत 'रेट्रोफ्लेक्शन' असे नाव आहे. दुसऱ्याकडे जायला हवी असलेली कृती माणूस स्वतःकडेच वळवतो. जे दुसऱ्याला सुनवायचे ते स्वतःच्या जबड्यात दाबतो. मराठीला हे कोणी शिकवण्याची गरज पडली नाही, कारण आपण 'दात-ओठ खाणे' म्हणतोच. राग, अपमान आणि शब्द या तिन्ही गोष्टी आपल्या भाषेत 'गिळल्या' जातात, आपण मूग गिळून बसतो, आणि न पटलेली गोष्ट 'पचनी पडली नाही' असेही म्हणतो. पर्ल्स यांनी १९४२ साली दक्षिण आफ्रिकेत प्रसिद्ध केलेले पहिले पुस्तक नेमके याच दृष्टांतावर उभे आहे. अन्न चावल्याशिवाय अंगी लागत नाही, तशी शिकवणही न चावता गिळली तर ती पोटात परक्यासारखी पडून राहते. बाळे खायला कशी शिकतात याविषयीच्या लॉरा यांच्या निरीक्षणांचा त्या मांडणीत मोठा वाटा होता. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या नवऱ्याचे आले. लेखिकांच्या वाट्याला हे नवीन नाही.

एक भाषिक अडचणही सांगते, कारण ती तुमच्या सत्रांत येईल. इंग्रजी ग्रंथांत 'मला जमत नाही' ऐवजी 'मी करणार नाही' असे म्हणून पाहा, अशी सूचना असते आणि ती मराठीतही उत्तम चालते. 'मला नाही म्हणायला जमत नाही' आणि 'मी नाही म्हणत नाही' ही दोन वाक्ये एकदा मोठ्याने म्हणून पाहा. दुसऱ्या वाक्याशी पाठीचा कणा सरळ होतो की अंग आक्रसते, ते तुम्हालाच कळेल. मात्र भावनांच्या बाबतीत मराठीची ठेवण निराळी आहे. आपल्याला राग 'येतो', रडू 'फुटते', हसू 'आवरत नाही'; या साऱ्या गोष्टी जणू बाहेरून चालत येतात. म्हणून समुपदेशकांनी इंग्रजी वाक्यरचना तुमच्या तोंडात कोंबू नये. 'राग आला, मग तुम्ही त्याचे काय केले?' असे विचारले की जबाबदारीही येते आणि मराठीही मोडत नाही.

प्रश्न : मी मंगळवार पेठेतील निवृत्त शिक्षक आहे. गेस्टाल्ट पद्धतीप्रमाणे गिळलेली शिकवण ओकून टाकायची म्हणजे संस्कारांवर पाणी सोडायचे काय? 'मी माझे पाहीन, तू तुझे पाहा' ही शिकवण आपल्या एकत्र कुटुंबांना परवडणारी नाही.

उत्तर : सर, ओकून टाकायला कोणी सांगितलेले नाही, चावायला सांगितले आहे. चावल्यावर वडीलधाऱ्यांच्या पुष्कळ गोष्टी अंगी लागतात आणि मग त्या आपल्याच होतात.

तुमच्या दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी बरीचशी सहमत आहे. साठच्या दशकात पर्ल्स कॅलिफोर्नियातील इसालेन या संस्थेत शेकडो लोकांसमोर प्रात्यक्षिके देऊ लागले. तेथील त्यांची शैली तडकफडक आणि अनेकदा दुखावणारी होती, आणि 'जो तो आपले पाहील' हा सूर त्याच काळातला आहे. न्यू यॉर्कमध्ये राहिलेल्या लॉरा यांनी आधाराला महत्त्व दिले. पायाखाली जमीन असल्याखेरीज माणूस दुसऱ्यासमोर उभा राहू शकत नाही, असा त्यांचा आग्रह असे. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांच्या 'मी आणि तू' या नात्याच्या विचाराचा या पद्धतीवरील ठसा आणि मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेव्हिन यांचा माणसाला त्याच्या परिस्थितीपासून तोडून पाहू नये हा क्षेत्रविचार, या दोहोंमुळे आजची गेस्टाल्ट पद्धत एकलकोंडी राहिलेली नाही.

या पद्धतीत माणूस आणि त्याचे जग यांमधील सीमारेषेला फार महत्त्व आहे. ती कुंपणासारखी बंद नसावी आणि पुसलीही जाऊ नये. घरात सगळे 'आम्ही' म्हणतात तेव्हा त्या 'आम्ही'त सुनेचे मत विचारलेले असते की गृहीत धरलेले, एवढे पाहिले तरी सीमेची अवस्था कळते. जेथे ती पुसली गेली आहे तेथे भांडण दिसत नाही, आणि पुढे एकदम भाऊबंदकी उभी राहते.

प्रश्न : मी २१ वर्षांचा पैलवान. गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणतात, कुस्ती बंद. सगळे म्हणतात, मन घट्ट कर, दुसरे काहीतरी बघ. मी तालमीच्या रस्त्यानेही जात नाही. कधी कधी जगण्यात राम वाटत नाही. मन लवकर बदलायची काही युक्ती आहे का?

उत्तर : आधी तुझ्या शेवटून दुसऱ्या वाक्याविषयी. तो विचार पुन्हा आला तर एकटा राहू नकोस. १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस क्रमांक आहे. तो विनामूल्य असून रात्री-अपरात्रीही चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. घरातील एका तरी माणसाला हे वाक्य, तू मला लिहिलेस तसेच, आजच सांग. मनोविकारतज्ज्ञांची भेटही याच आठवड्यात घे.

आता युक्तीविषयी. आर्नल्ड बायसर हे अमेरिकेतील नामांकित टेनिसपटू होते. डॉक्टर झाल्यावर थोड्याच काळात त्यांना पोलिओ झाला आणि शरीर लुळे पडले. पुढे ते मनोविकारतज्ज्ञ झाले आणि १९७० साली त्यांनी एक छोटा लेख लिहिला, जो आजही गेस्टाल्ट शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचावा लागतो. त्यातील मांडणी उलटी वाटेल अशी आहे. माणूस आपण जे नाही ते होण्याची धडपड करतो तोवर तो जागचा हलत नाही. तो आत्ता जो आहे तो पूर्णपणे होतो तेव्हा बदल आपोआप सुरू होतो. 'मन घट्ट कर' हा सल्ला देणाऱ्यांचे प्रेम खरे आहे, पण त्यामुळे तुझ्यात दोघे जण झुंजू लागतात. एक दम भरणारा आणि एक कुरकुरत टाळाटाळ करणारा. या जोडीची कुस्ती कधीच निकाली होत नाही, कारण दोघेही तूच असतोस.

म्हणून तुला घाईने दुसरे काही बघायला मी सांगणार नाही. आज तू कुस्ती गमावलेला पैलवान आहेस, आणि ते कोणासमोर तरी म्हणावे लागेल. समुपदेशक निवडताना त्यांचे शिक्षण आणि अनुभव निःसंकोच विचार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारता येते. त्यांच्याबरोबर काही सत्रे झाल्यावर, त्यांना आणि तुला दोघांनाही योग्य वाटले तर, एक प्रयोग सुचवते. लाल मातीच्या कडेला वस्तादांशेजारी दहा मिनिटे बस. जोर मारणाऱ्यांकडे पाहताना छातीत, हातांत, त्या गुडघ्यात काय होते तेवढे टिपून ठेव आणि पुढच्या सत्रात तेच सांग. रडू आले तर वस्तादांपासून लपवू नकोस.