आधी घर हलवा, नाशिकचं नंतर बघू

प्रश्न : मी 33 वर्षांची, मूळची जळगावची. लग्नाला सहा वर्षं झाली, तेव्हापासून डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या वन-बीएचकेत राहतो. माझं ऑफिस अंधेरीत चकाल्याला. पाचला उठून दोन डबे करते, सातला घर सोडते, लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रो. रात्री घरी यायला सव्वाआठ. कधी कधी दारात लटकूनही जावं लागतं. मुंबईचा अक्षरशः वीट आलाय. पण माहेरी गेले की चौथ्या दिवशी जीव घुसमटतो. इथे रात्री दहाला एकटी परतले तरी कोणी हटकत नाही, दादरला नाटक बघता येतं. हे समजूतदार आहेत, माझ्या नोकरीला कधी नाही म्हणाले नाहीत. (यांची कंपनी डोंबिवली एमआयडीसीतच, स्कूटरवर दहा मिनिटं. साडेसहाला येऊन चहा स्वतः करून घेतात.) भाडं 15 हजार, दोघांचा पगार मिळून 85 हजार. करार डिसेंबरअखेर संपतोय. नाशिकला बदली मागू की मन घट्ट करून इथेच राहू?

उत्तर : ताई, तुमचं मुंबईबद्दलचं सगळं वाचलं, पण मी अडले ती कंसातल्या ओळीवर.

तुम्ही रोज सव्वाचार तास प्रवासात, ते वीस मिनिटं. सहा वर्षांत अकरा-अकरा महिन्यांचे किती करार झाले असतील? प्रत्येक वेळी घर कुठे घ्यायचं हे नव्याने ठरवता आलं असतं. प्रत्येक वेळी ते त्यांच्या कंपनीजवळच राहिलं, आणि तुमचे सव्वाचार तास कोणी मोजायलाही घेतले नाहीत. बायकोच्या नोकरीला नाही न म्हणणं याला मी समजूतदारपणा म्हणणार नाही. तो पगार घरात येतो, त्याला नाही कोण म्हणेल? आणि साडेसहाला आलेल्या माणसाला चहाबरोबर कुकरही लावता येतो.

तुम्हाला मुंबईचा वीट आलेला नाही. डोंबिवलीच्या फलाटावर, आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये शिरायचा वीट आला आहे. तुमच्या पत्रात मुंबईविरुद्ध दुसरी एकही तक्रार नाही, पुन्हा वाचून बघा. आणि दादरचं नाटक शेवटचं कधी पाहिलंत ते लिहिलेलं नाही. सव्वाआठला घरी येणारी बाई कामाच्या दिवशी ते बघू शकत नाही, आणि रविवारी तिला झोपच पुरी करायची असते. (डोंबिवलीला मी नावं ठेवत नाही. जिची नोकरी तिथे आहे तिला ते छान गाव आहे.)

दारात लटकण्याचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडून दगावली. तुमची रोजची गाडी त्याच पट्ट्यातून जाते. फर्स्ट क्लासचा किंवा एसीचा पास काढून अंगावरची गर्दी थोडी बदलेल, वेळ तेवढाच जाईल.

तेव्हा डिसेंबरचा करार वाढवायचा नाही. घर विक्रोळी, कांजूरमार्ग किंवा भांडुपला घ्यायचं. विक्रोळी सगळ्यांत बरं, कारण घाटकोपर तिथून एकच स्टेशन. बस किंवा रिक्षाने थेट मेट्रो गाठली तर लोकलची गरजच नाही. तुमचा प्रवास दारापासून दारापर्यंत तासाच्या आत बसेल. त्यांचा सव्वा तास होईल, पण सकाळी कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांना मुंबईकडे येणाऱ्यांसारखी गर्दी नसते, संध्याकाळी परत येतानाही तेच. विक्रोळीहून स्लो गाडीने ठाणे, तिथून फास्ट धरून डोंबिवली. स्कूटर डोंबिवली स्टेशनच्या पे-अँड-पार्कमध्ये मासिक पासावर ठेवायची, म्हणजे शेअर रिक्षाची रांगही नाही.

घर लहान मिळेल. महिन्याला दहा हजार जास्त मोजायची तयारी ठेवा, आणि 25 हजारांतही वन-आरकेवर किंवा लिफ्ट नसलेल्या जुन्या म्हाडा इमारतीवर समाधान मानावं लागेल. ते माना. कन्नमवारनगर, टागोरनगर आधी पालथं घाला. तिथे दोन गोष्टी खोदून विचारा. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? जाणार असेल तर सहा महिन्यांत पुन्हा सामान बांधावं लागेल. आणि पाणी किती वाजता येतं? दुपारी येत असेल आणि टाकी नसेल तर तुम्हा दोघांना नोकरी करून तिथे राहता येणार नाही. हेच एजंटला नाही, शेजारणीला विचारा.

‘हेवी डिपॉझिट’वर, म्हणजे मोठी रक्कम एकदम देऊन भाडं न भरण्याच्या व्यवहारात, अजिबात शिरू नका. मालकाने तो पैसा दुसरीकडे गुंतवलेला असतो आणि घर सोडताना पुढचा भाडेकरू येईपर्यंत तुमचे पैसे अडकतात. साधं भाडं, तीन-चार महिन्यांचं डिपॉझिट, एजंटला एका महिन्याचं भाडं. करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, ‘नोटरी पुरते’ म्हणाला तर ऐकू नका. 25 हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्क्याने सातशेच्या थोडं वर जातं, नोंदणी फी 1000. एजंट यापेक्षा बरेच जास्त मागेल, त्यात त्याची मजुरी किती हे वेगळं लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका. आत्ताच्या मालकाला नोटीस करारात लिहिली असेल तितके दिवस आधी आणि लेखी द्या. तोंडी सांगितलं की डिपॉझिटमधून एक महिना कापला जातो.

नाशिकचा अर्ज तूर्त करू नका. अर्धमेल्या अवस्थेत शहर बदललं तर नाशिक आवडलं की नुसती झोप मिळाली, हे तुमचं तुम्हालाच कळायचं नाही. विक्रोळीत सहा महिने काढा, कामाच्या दिवशी दोन-चार नाटकं बघा. तरीही नाशिक हवंसं वाटलं तर खुशाल जा.

आता घरात हे बोलायचं कसं? ‘मला त्रास होतो’ असं सुरू करू नका, सहा वर्षांत ते बोलून झालं असणार. येत्या सोमवारी त्यांना रजा टाकायला लावा आणि सकाळी सातला बरोबर न्या. डोंबिवलीहून त्यांनी जेन्ट्सच्या डब्यात चढायचं, घाटकोपरचा जिना, मेट्रोची रांग, चकाल्यापर्यंत. दिवसभर कुठेही बसू देत, पण संध्याकाळी सहाला तुमच्या ऑफिसच्या गेटवर हजर, आणि त्याच गर्दीतून परत. त्या रात्रीचा कुकर त्यांनी लावायचा. घरं बघायला रविवारी दोघांनी जायचं, पण एजंटला फोन त्यांनी करायचा, शनिवारच्या आत.